मधली एक ओळ

अंजूर म्हटले की इतिहासाच्या वाचकाला गंगाजी नाईक आठवतात. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांविरुद्ध वसईची मोहीम चालवली, तिला या नाईक बंधूंची मोठी साथ होती. त्या मोहिमेचे कागद रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडून छापले. पण ती पत्रे मुख्यतः सरदारांची नि कारभाऱ्यांची. तटाखाली जीव मुठीत धरून बसलेल्या साध्या शिपायाने घरी काय कळवले असेल?

त्याचा आवाज मोठ्या संख्येने ऐकू येतो तो पहिल्या महायुद्धात. १९१४ साली हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरली. तीत किरकीचे सॅपर्सही होते. पुष्कळांचे पत्र दुसराच कुणी लिहून देई आणि गावी दुसराच वाचून दाखवी. मध्ये बसे सरकारी तपासनीस. शिपायांना ते ठाऊक होते. म्हणून कुणी हिंदी सैनिकांना काळी मिरी म्हणे, गोऱ्यांना लाल मिरची. तपासनिसाच्या कचेरीत पत्रांतले उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गंमत पाहा, घरी उराशी धरलेले किती कागद वाळवीने खाल्ले असतील. संशयापोटी काढलेले उतारे मात्र टिकले. पण इंग्रजीत! आईला मारलेली हाक त्यात कशी उतरणार?

त्या तपासनिसाला मी फार नावे ठेवत नाही. १९९९ साली कारगिलचे युद्ध चालू होते, तेव्हा अंजूरला आमच्या ओळखीच्या एका मावशींचा मुलगा सीमेवर होता. पाठीमागे '५६ एपीओ' एवढाच पत्ता असलेले त्याचे अंतर्देशीय पत्र आले की त्या मला वाचायला बोलवत. एका पत्रात त्याने लिहिले होते, रात्री गोळे अगदी जवळ पडतात. ती ओळ मी गाळली. पुढची, जेवण चांगले मिळते ही ओळ मोठ्याने वाचली.

मुलगा सुखरूप परतला. मग एकदा मी मावशींकडे कबुली दिली. त्या हसल्या. म्हणाल्या, "तू मधीच थांबलास, तवाच मना समजला."

जुने पत्र हाती आले की मी आता आधी तेच शोधतो, लिहिणारा कुठे थांबला असेल.