तळटीप : मंडळाचा खो-खो

१४. मंडळाचा खो-खो : मंडळ ज्या बरकतपुऱ्यातले, तो हैदराबादेत काचीगुडा व नारायणगुडा यांना लागून असलेला भाग. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्याने या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. खो-खोचे पहिले लिखित नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात विसाव्या शतकाच्या आरंभी ठरले, तर पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६०मध्ये विजयवाड्याला, तेलुगू मुलखात भरली. संघात बारा जण, मैदानात नऊ. आठ जण दोन खांबांमधल्या रांगेत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळाल्यावाचून बसलेल्याने उठायचे नाही. एकाची घाई सगळ्या संघाला भोवते, म्हणून हा खेळ एकत्र वाढलेल्या मुलांना विशेष साधतो. आयर्लंडमध्ये हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचे क्लबही असेच एकत्र वाढलेल्यांचे, पॅरिशवार, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे, बांधलेले असतात. १८८४मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या या क्लबांतून खेळाडू मानधनाशिवाय, बहुधा जन्मगावासाठीच खेळतात. स्थानिक सामन्यातील हार-जीत साऱ्या वस्तीला का लागते, हे यावरून उमगावे.