अँटिगॉनी

अँटिगॉनी : प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीझ (इ. स. पू. सु. ४९६–४०६) याची एक श्रेष्ठ शोकात्मिका व तिची नायिका. हे नाटक इ. स. पू. ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये प्रथम सादर झाले, असे सामान्यतः मानतात. ते पाहून अथेन्सवासीयांनी सॉफोक्लीझला सेनापती म्हणून निवडले, अशी एक प्राचीन आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पेरिक्लीझबरोबर तो सेमॉसच्या मोहिमेवर सेनापती होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. राजाज्ञा मोडणाऱ्या मुलीचे हे नाटक लिहिणारा कवी स्वतः आज्ञा देणाऱ्यांपैकी होता, हे ते वाचताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

थीब्जचा राजा ईडिपस याच्या पश्चात त्याचे पुत्र इटीओक्लीझ व पॉलिनायसीझ यांच्यात राज्यावरून वैर माजले. पॉलिनायसीझने आर्गॉसचे सैन्य आणून आपल्याच नगरावर स्वारी केली आणि दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मारले गेले. त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला. त्याने नगराच्या रक्षकाला सन्मानाने मूठमाती दिली व आक्रमकाचे प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघडे टाकण्याची आज्ञा केली. ती मोडणारास देहान्त शिक्षा ठरविली. त्यांची बहीण अँटिगॉनी प्रेतावर माती टाकते, पकडली जाते आणि आपण हे जाणूनबुजून केले, असे सांगते. क्रेऑन तिला थोडे अन्न ठेवून गुहेत जिवंत कोंडतो. टायरीसिअस या अंध द्रष्ट्याच्या इशाऱ्याने त्याचे मन पालटते. परंतु तोवर तिने गळफास घेतलेला असतो. तिचा वाग्दत्त वर व क्रेऑनचा पुत्र हीमॉन तिच्या प्रेताशेजारी स्वतःला भोसकून घेतो, ते ऐकून राणी युरिडिसीही आत्महत्या करते आणि क्रेऑन एकटा जिवंत उरतो.

अनेक आधुनिक वाचक जुलमी राजा व सत्यनिष्ठ युवती असा या नाटकाचा सरळ अर्थ लावतात. मूळ प्रेक्षकांना तो इतका सरळ वाटला नसावा. देशद्रोही व देवालय लुटणारा यांना ॲटिकाच्या भूमीत पुरू नये, असा अथेन्सचाच कायदा होता. सॅलमिसच्या विजयाचा शिल्पकार थेमिस्टोक्लीझ याच्यावर पुढे देशद्रोहाचा आरोप आला व तो परदेशात मरण पावला. त्याच्या अस्थी आप्तांनी गुपचूप ॲटिकात आणून पुरल्या, असे आप्तांचे म्हणणे असल्याचे थ्यूसिडिडीझ नमूद करतो. शिवाय ज्या महोत्सवात शोकात्मिका होत, त्यातच मांडलिक मित्रराज्यांची खंडणी प्रेक्षकांपुढे मांडली जाई आणि युद्धात पडलेल्यांच्या अनाथ मुलांना शस्त्रास्त्रे देऊन मिरवीत. नगरासाठी मरणे म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना शिकवावे लागत नव्हते.

म्हणूनच क्रेऑनचे पहिले भाषण त्यांना आवडले असेल. जो आप्ताला नगरापेक्षा मोठा मानतो तो आपल्या लेखी शून्य, कारण नगराचे तारू तरले तरच मैत्री व नाती संभवतात, हा त्याचा युक्तिवाद आहे. सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. पू. ३४३ मध्ये, डिमॉस्थिनीझ या वक्त्याने हे भाषण न्यायसभेत देशनिष्ठेचा आदर्श म्हणून वाचून दाखविले. प्रतिपक्षी एस्किनीझ हा पूर्वी नट असून क्रेऑनची भूमिका करीत असे. तोंडपाठ असलेले भाषण तो वागताना मात्र विसरला, असा टोमणाही त्याने मारला. क्रेऑनचे तत्त्व त्याज्य आहे, असे त्या न्यायसभेत कोणी मानले असते, तर या टोमण्याला धार आली नसती.

मग क्रेऑन चुकतो कोठे ? अथेन्सचा कायदा देशद्रोह्याला स्वभूमीत मूठमाती नाकारी. सीमेबाहेर नेऊन पुरण्यास त्याची आडकाठी नव्हती. क्रेऑन प्रेताला सीमेबाहेर नेऊ देत नाही आणि पुरूही देत नाही. मृत हा पाताळातील देवतांचा, आणि त्याला न्हाऊ घालणे व त्याच्यासाठी शोक करणे हे घरातील स्त्रियांचे कर्तव्य, अशी ग्रीकांची धारणा होती. पॉलिनायसीझच्या घरात त्यासाठी दोघी बहिणीच उरल्या होत्या. दुसरी चूक हीमॉनबरोबरच्या वादात उघडी पडते. नगरात लोक या मुलीसाठी हळहळत आहेत, पण राजासमोर बोलण्याचे धैर्य कोणाला नाही, असे पुत्र विनयाने सांगतो. त्यावर क्रेऑन, आपण काय आज्ञा द्यावी हे नगराने ठरवायचे काय, असे विचारतो; नगर हे सत्ताधीशाचेच, असेही म्हणतो. नगराच्या नावाने सुरू झालेली सत्ता येथे नगरालाच नाकारते. ओसाड माळावर तू एकट्याने छान राज्य करशील, या हीमॉनच्या उत्तरावर लोकशाही अथेन्सच्या प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय झाली असेल, हे सांगावयास नको.

ग्रीक शोकात्मिकेतील अभिमानाची चर्चा बहुधा ‘हिब्रिस’ या शब्दाभोवती फिरते आणि त्याचा अर्थ देवांना न खपणारा गर्व, असा केला जातो. अथेन्समध्ये मात्र हिब्रिस हा खटला भरण्याजोगा गुन्हा होता : दुसऱ्याला हीन लेखून त्याची केलेली अवहेलना. या नाटकात हा आरोप क्रेऑन अँटिगॉनीवर करतो. आज्ञा मोडणे हा एक आणि मोडून त्याचा अभिमान मिरविणे हा दुसरा, असे तिचे दोन अपराध तो मोजतो. एका स्त्रीने आपल्याला हरविले तर पुरुष ती ठरेल, ही बोचही तो लपवीत नाही. मृताची विटंबना करणारा स्वतःच विटंबनेची तक्रार करतो, ही सॉफोक्लीझची खास विदारक योजना आहे.

अँटिगॉनीही निरभिमानी नाही. देवांचे अलिखित नियम मर्त्य माणसाच्या फर्मानाने रद्द होत नाहीत, हे तिचे उत्तर प्रसिद्धच आहे. ॲरिस्टॉटलने निसर्गसिद्ध न्यायाचे उदाहरण म्हणून ते दिले आहे. परंतु मृत भावाशी एकनिष्ठ असणारी ही मुलगी जिवंत बहिणीशी कठोरपणे वागते. भिऊन मागे राहिलेली इस्मीनी पुढे तिच्याबरोबर मरावयास तयार होते, तेव्हा ती तिला झिडकारते. गुहेकडे जाताना तर राजवंशातील आपणच तेवढी उरलो, असे म्हणते. वृंद तिला ‘ऑटोनोमॉस’, म्हणजे स्वतःच्याच नियमाने चालणारी, म्हणतो. हा शब्द एरवी स्वतंत्र नगरराज्यांना लावीत. त्यात कौतुक किती आणि दूषण किती, हे ठरविणे कठीण आहे.

तिच्या शेवटच्या भाषणातील एक भाग विशेष वादग्रस्त ठरला. पती वा मूल यांच्यासाठी आपण हे केले नसते, कारण ती पुन्हा मिळू शकतात. मातापिता निवर्तल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही, असे ती म्हणते. हिरॉडोटसने सांगितलेल्या एका पर्शियन स्त्रीच्या कथेत हाच युक्तिवाद आढळतो. गटेला हा भाग इतका खटकला, की तो प्रक्षिप्त असल्याचे एखाद्या विद्वानाने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये व्यक्त केली. पण ॲरिस्टॉटलला तो माहीत होता. तेव्हा तो प्राचीन आहे, हे निश्चित. मरणाच्या दारात, सर्वांनी एकटे पाडलेली मुलगी तत्त्वाऐवजी रक्ताच्या नात्याचा आधार घेते, यात अस्वाभाविक काही नाही. भाग वगळला तर नायिका अधिक उदात्त होईल, पण अधिक निर्जीवही होईल.

हेगेलच्या मते येथे राज्य व कुटुंब ही दोन न्याय्य तत्त्वे परस्परांना भिडतात व दोन्ही एकांगी असल्याने नष्ट होतात. ही मीमांसा फार प्रभावी ठरली; तथापि तिने तराजूची पारडी वाजवीपेक्षा समान केली. टायरीसिअसच्या तोंडून देव क्रेऑनलाच दोषी ठरवितात. मात्र ते अँटिगॉनीला वाचवीतही नाहीत. आधी मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे, असा सल्ला वृंदप्रमुख क्रेऑनला देतो. क्रेऑन आधी प्रेताकडे जातो, त्याचे यथासांग संस्कार करतो आणि नंतर गुहेकडे वळतो. मृताचा सन्मान करताना जिवंत माणूस हातचे जाते.

‘एजॅक्स’ या नाटकातही सॉफोक्लीझने शत्रू ठरलेल्या वीराच्या प्रेताचा प्रश्न हाताळला आहे. तेथे मृताचा वैरी ओडिसियस स्वतःच दहनदफनासाठी रदबदली करतो आणि ॲगमेम्नॉन नमतो. थीब्जमध्ये राजाने ज्याचे ऐकावे असा ओडिसियस नव्हता.

विसाव्या शतकात या कथेला नवे राजकीय संदर्भ लाभले. झां आनुईचे ‘अँटिगॉन’ १९४४ मध्ये जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावरील राजकीय कैद्यांनी सॉफोक्लीझच्या नाटकाचा प्रयोग केला. त्यात क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेला यांनी केली होती.