रक्तदाबमापन, घरगुती

रक्तदाबमापन, घरगुती : रुग्णाने स्वतः किंवा त्याच्या कुटुंबीयाने राहत्या घरी, नेमलेल्या वेळी व नेमलेल्या रीतीने केलेले रक्तदाबाचे मापन. हृदय आकुंचन पावताना धमनीच्या भित्तीवर पडणारा महत्तम दाब (व्यवहारात ‘वरचा’) आणि दोन ठोक्यांच्या दरम्यान ते शिथिल असताना उरणारा लघुतम दाब (‘खालचा’) हे दोन आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजून १२०/८० असे लिहितात. हा दाब प्रहरागणिक आणि श्रम, भय, वेदना, निद्रा व आहार यांनुसार सतत बदलत असल्यामुळे, दवाखान्यात एकदाच घेतलेल्या आकड्यावर वर्षानुवर्षांच्या औषधोपचाराचा निवाडा देणे इष्ट नसते. अनेक दिवसांच्या, सारख्याच परिस्थितीतील नोंदींची सरासरी वैद्याच्या हाती देणे, हे घरगुती मापनाचे मुख्य प्रयोजन होय.

इतिहास : इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून तीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढते असे दाखवले व तो वृत्तान्त १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. धमनी न उघडता दाब मोजण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात अनेकांनी केले. परंतु दंडाभोवती हवेने फुगणारा पट्टा गुंडाळून, मनगटावरील नाडी लुप्त होताच पाऱ्याच्या स्तंभाची उंची वाचावयाची, ही सुटसुटीत युक्ती इटलीतील तूरिन येथे स्कीप्योने रीव्हा-रोत्ची यांनी १८९६ मध्ये मांडली. तिने वरचा दाब तेवढा कळे. सेंट पीटर्झबर्ग येथील शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पट्ट्याखालील धमनीवर श्रवणनलिका ठेवून, ध्वनी उमटण्याच्या व नाहीसे होण्याच्या क्षणांवरून दोन्ही दाब ठरविण्याची पद्धत सांगितली आणि पुढे तीच जगभर रूढ झाली. रुग्णांनी घरी घेतलेले आकडे दवाखान्यातील आकड्यांहून सामान्यतः कमी भरतात, हे अमेरिकेतील आयमन व गोल्डशाइन यांनी १९४० मध्येच नोंदविले होते. जपानमधील ओहासामा या ग्रामीण वस्तीत १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीत, पुढील धोक्याचे अनुमान करण्यास घरचे आकडे अधिक उपयुक्त असल्याचे दिसून आले.

उपकरणे : पाऱ्याच्या विषारीपणामुळे २०१३ च्या मिनामाता करारान्वये पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचे उत्पादन व आयात-निर्यात यांस २०२० ही मुदत मुक्रर झाली. घरी वापरावयाचे स्वयंचलित विद्युत् उपकरण ध्वनी ऐकत नाही. पट्ट्यातील हवा उतरत असता धमनीच्या स्पंदनाने तीत उठणारी सूक्ष्म आंदोलने ते टिपते, ती सर्वांत मोठी होतात त्या सुमारास सरासरी दाब असतो असे धरते आणि त्यावरून वरचा व खालचा दाब गणिताने काढते. हे गणित प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असल्यामुळे, मान्य कसोटीनुसार स्वतंत्र पडताळणी झालेलेच उपकरण घ्यावे व ते वर्षातून एकदा दवाखान्यातील मापकाशी ताडून पाहावे. दंडाचे उपकरण मनगटाच्या उपकरणापेक्षा अधिक भरवशाचे असते. पट्ट्यातील फुगणारी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापणारी हवी. जाड दंडाला आखूड पट्टा बांधल्यास आकडा खोटा चढतो.

पद्धती : मापनापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम वर्ज्य करून, लघवीस जाऊन आल्यावर, पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पावले जमिनीवर टेकलेली असावीत, पायावर पाय नसावा. उघड्या दंडावर, कोपराच्या लवणीपासून सुमारे दोन सेंटिमीटर वर पट्टा गुंडाळून हात मेजावर हृदयाच्या पातळीत टेकवावा. कारण हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिल्यास, तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाच्या भाराने आकडा सात-आठ मिलिमीटरांनी वाढतो. मापन चालू असता बोलू नये. प्रथम दोन्ही दंडांवर मोजून पाहावे आणि सातत्याने लक्षणीय तफावत आढळल्यास ज्या दंडाचा आकडा अधिक, तोच पुढे कायम ठेवावा.

नोंद व अर्थनिर्णय : सकाळी औषध व न्याहारीपूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी, एक मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा, असे सात दिवस मोजतात, पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. आकडे तारीखवार आणि जसेच्या तसे लिहावेत. न आवडलेला आकडा गाळून पुन्हा मोजण्याच्या मोहाने सगळी सरासरी निरर्थक होते. दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा मानली जात असता घरच्या सरासरीस १३५/८५ ही मर्यादा बहुतेक ठिकाणी लावतात. अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती १३०/८० इतकी खाली आणली. दवाखान्यात चढलेला आणि घरी स्वाभाविक असलेला दाब, त्याचप्रमाणे याच्या उलट, दवाखान्यात स्वाभाविक दिसून घरी चढणारा प्रच्छन्न उच्च रक्तदाब, हे दोन्ही प्रकार अशा नोंदींतून उघड होतात. पहिल्यात अनावश्यक औषध टळते. दुसऱ्यात रोग नजरेआड राहण्याचा धोका टळतो.

मर्यादा : हृदयाची लय अनियमित असल्यास स्वयंचलित उपकरणाचे गणित चुकू शकते, अशा वेळी एकाहून अधिक मापने घेऊन वैद्याचा सल्ला घ्यावा. गर्भवतींसाठी त्या अवस्थेत पडताळलेले उपकरणच वापरावे. निद्रेतील दाब या साध्या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी चोवीस तास अंगावर बाळगावयाचे यंत्र लागते. काही व्यक्तींना वारंवार मोजण्याने काळजी जडते व काळजीने दाब वाढतो. त्यांनी नेमलेल्या वेळांखेरीज मापन करू नये. घरच्या आकड्यांच्या जोरावर औषध परस्पर थांबविणे वा त्याची मात्रा बदलणे गैर होय. आकडा १८०/१२० वा त्याहून अधिक आल्यास पाच मिनिटे स्वस्थ बसून पुन्हा मोजावा. तो तसाच राहिल्यास वैद्यास त्वरित कळवावे, आणि त्याच्या जोडीला छातीत दुखणे, धाप लागणे, एका अंगाची शक्ती जाणे, बोबडी वळणे वा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही असल्यास फेरमापनात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.