एक अनुभव की दोन? : शब्दैक्यवादाच्या संदर्भात

दोन भिन्न गणनप्रक्रियांतून सर्वस्वी सारखा असा जाणिवेचा क्षण निर्माण झाला, तर तो एक मानावा की दोन, हा प्रश्न गणकयंत्रांच्या युगातला आहे. त्यामागील तार्किक पेच मात्र आपल्या शब्दचर्चेला अपरिचित नव्हता.

महाभाष्यात पतंजलीने अकार एक की अनेक याचा ऊहापोह केला आहे. एकच देवदत्त एकाच वेळी स्रुघ्नात आणि मथुरेत असू शकत नाही. अकार तर एकाच वेळी अनेक ठिकाणी आढळतो. तेव्हा अकार अनेक असले पाहिजेत, असा तेथे आक्षेप येतो. जैमिनीने अशा आक्षेपाला सूर्याच्या दृष्टान्ताने उत्तर दिले : सूर्य एकच, पण तो अनेक ठिकाणांहून एकाच वेळी दिसतो. ‘गो’ शब्द आठ वेळा उच्चारला असे लोक म्हणतात, आठ ‘गो’शब्द उच्चारले असे म्हणत नाहीत, या लोकव्यवहाराकडे शबराने लक्ष वेधले. मीमांसकांच्या मते ध्वनी अनेक, पण त्यांनी व्यक्त होणारा शब्द एक. नैयायिकांनी हे नाकारले. शब्द उत्पन्न होतो व नाश पावतो. ‘तोच हा गकार’ ही प्रत्यभिज्ञा केवळ साजात्यामुळे होते, असे त्यांचे म्हणणे. पाश्चात्त्य विचारात चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १९०६ मध्ये शब्दाचे प्ररूप आणि त्याचा प्रत्यक्ष प्रयोग यांत असाच भेद केला.

अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या निबंधाने गणन ही कल्पना विशिष्ट यंत्रापासून अलग केली. एकच मनोवस्था भिन्न घडणीच्या शरीरांत संभवते, हे मत हिलरी पटनम यांनी १९६७ मध्ये मांडले. मग अशा समान अवस्थांची संख्या किती, हा प्रश्न अटळ होता. निक बॉस्ट्रॉम यांनी २००६ मध्ये ऐक्यपक्ष व द्वैतपक्ष स्पष्टपणे वेगळे करून द्वैतपक्ष स्वीकारला.

१ ते १०० या संख्यांची बेरीज एकेक संख्या मिळवून केली काय किंवा सूत्राने केली काय, उत्तर ५०५० हेच येते. उत्तर एक, बेरजेच्या कृती दोन. वेदनेचा क्षण उत्तरासारखा की कृतीसारखा, हा खरा मुद्दा होय. मीमांसकांचे शब्दैक्य दोन गोष्टींवर उभे आहे : उच्चाराहून स्वतंत्र असे शब्दाचे अस्तित्व आणि दोन्ही उच्चार ऐकून ‘तोच हा’ असे ओळखणारा श्रोता. वेदनेच्या बाबतीत या दोहोंचाही अभाव आहे. वेदना होण्यापलीकडे वेदनेला निराळे अस्तित्व दाखविता येत नाही. आणि परस्परांपासून अलग असलेल्या दोन वेदना एकत्र अनुभवून ताडून पाहणारा कोणी नसतो. बाहेरून सिद्ध होते ते सारखेपण; त्यावरून ऐक्य निष्पन्न होत नाही.

या निर्णयाचे नैतिक परिणाम उघड आहेत. ऐक्यपक्ष खरा असेल, तर यंत्रांतून तेच दुःख सहस्र वेळा निर्माण करूनही जगातील दुःखात भर पडत नाही. एवढा मोठा निष्कर्ष काढावयाचा, तर तो सिद्ध करण्याचा भार ऐक्यवाद्यांवरच राहतो.