सतरंजी कोण धुतं?

घट बसायला आता पंधरा दिवस राहिलेत. घरोघर दसरा काढायची गडबड सुरू झाली असेल. माळ्यावरच्या वाकळा, गोधड्या, घोंगडी, सतरंज्या, जाजमं खाली उतरली असतील. आज आम्ही याच अंथरुणांचा इतिहास सांगणार आहोत. ती विणली कोणी हे पुष्कळांनी सांगितलंय. आम्ही सांगणार आहोत ती धुतली कोणी, आणि धुण्याचे पैसे कोणाला मिळाले.

हा विषय आमच्या गटात भांडणातून निघाला. चार वर्षांपूर्वी गटाने बारा सतरंज्या घेतल्या. बारसं, जावळ, साखरपुडा, दहावा असला की लोक भाड्याने नेतात. एका सतरंजीला ३० रुपये. बाराही गेल्या की ३६० रुपये रोजकीर्दीत जमा. वर्षअखेरीला हिशेब वाचला की आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायचो.

सतरंज्या परत यायच्या त्या मात्र आमटीचे डाग आणि चिखलाचे पाय घेऊन. धुवायच्या दोघीच. एक मावशी, कारण त्यांचं घर ओढ्याला लागून. आणि दुसरी आमच्यातली सगळ्यात लहान सून, कारण तिला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात मावशी ओली सतरंजी ओढताना घसरून पडल्या. महिनाभर कंबर धरून होत्या. त्या महिन्याच्या बैठकीत सून म्हणाली, "मी एकटी धुणार नाही." कुणीतरी म्हणालं, "अगं, धुणं ते काय, घरचंच तर काम." मावशींच्या कानावर हे गेलं. त्यांनी निरोप पाठवला, "घरचं काम असेल तर ज्याच्या घरचं आहे त्याने धुवावं."

आम्ही रोजकीर्द उघडली. सतरंज्यांची खरेदी होती, भाडं होतं, सोडा-पावडरचे पैसे होते. धुणाऱ्या हातांची ओळच नव्हती. आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजांच्या सनावळ्या पाठ केल्या, पण त्यांचे गालिचे कोण धूत होतं हे परीक्षेत कधी आलं नाही. मग आम्ही वाचायला, विचारायला लागलो. ही ओळ आधी कधी कुणी लिहिली होती का?

आपल्या गावगाड्यात लिहिली होती, पण अर्धवट. बारा बलुतेदारांत परीट होता. तो गावाचे कपडे धुवायचा आणि सुगीला खळ्यावर त्याला धान्याचं बलुतं मिळायचं. लग्नात पायघड्या घालायचा मान त्याचाच. बाळंतिणीची धुणी परटिणीकडे जायची. म्हणजे धुणं हे काम आहे, त्याला मोबदला द्यावा लागतो, हे गाव मान्य करत होतं. पण मोबदला किती, हे ठरवायचा हक्क परटाला नव्हता. जन्माने ते काम त्याच्या गळ्यात पडलेलं. लोकांचा मळ काढणाऱ्यालाच लोक खालचा समजायचे. आणि घाटावर नवरा-बायको दोघं राबली तरी बलुतं चालायचं ते पुरुषाच्या नावाने.

याच परीट समाजात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी जन्मले. पुढे त्यांना सगळ्यांनी गाडगेबाबा म्हटलं. ते गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. मळ काढणारा खालचा नसतो, हे त्यांनी खराटा हातात धरून शिकवलं. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं हे आपल्याला माहीत आहेच.

पण परटाकडे जायची ती अंगावरची कापडं. वाकळा आणि सतरंज्या बहुतेक घरांत बायांनीच नदीवर नेल्या. डोक्यावर गाठोडं, हातात धोपाटणं, कडेवर पोर. आमच्या आज्या सांगतात, दसऱ्याआधी अख्खा ओढाकाठ वाळत घातलेल्या वाकळांनी भरून जायचा. त्या कामाला बलुतंही नव्हतं.

आता जरा लांबच्या मुलखात जाऊ. इंग्लंड, अमेरिका हे थंडीचे देश. तिथे जमिनीवर उघड्या पायाने चालवत नाही, म्हणून खोलीभर लोकरीचा जाड गालिचा अंथरतात. तो काही गाठोडं बांधून ओढ्यावर नेता येत नाही. वर्षातून एकदा-दोनदा घरातले बाप्ये नाहीतर नोकर तो उचलून बाहेर आणायचे, दोरीवर टाकायचे आणि काठीने बडवायचे. बाकी वर्षभर झाडू मारायचा. झाडूने धूळ उडायची आणि पुन्हा गालिच्यावरच बसायची.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं गाव आहे. तिथे ॲना बिसेल आणि तिचा नवरा मेलव्हिल यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडी यायची ती भुशात बांधून. तो भुसा गालिच्यात अडकायचा, झाडूने निघायचा नाही. नवऱ्याने चाकांवर फिरणाऱ्या ब्रशाचं एक हातयंत्र केलं. त्याचं पेटंट मिळालं १८७६ साली. मैत्रिणींनो, आपले डेबूजी जन्मले तेच हे वर्ष.

ही यंत्रं सुरुवातीला मोठ्या कारखान्यात बनली नाहीत. गावातल्या बाया घरी बसून ब्रशाचे केस बांधून द्यायच्या आणि बिसेल नवरा-बायको कपड्यांच्या टोपल्यांतून ते गोळा करायचे. ॲना स्वतः गावोगाव जाऊन यंत्र विकायची. १८८३ मध्ये कारखाना झाला आणि १८८४ मध्ये तो जळाला. ॲना बँकांत गेली, कर्ज उभं केलं, काम पुन्हा सुरू केलं. १८८९ मध्ये नवरा वारला. पदरात मुलं होती. तिने धंदा विकला नाही, स्वतः कंपनीची अध्यक्ष झाली आणि तीस वर्षं ती चालवली. कामगारांना पेन्शन आणि कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याची पद्धत तिने लवकर सुरू केली. ज्या काळात अमेरिकेत बाईला मतदानाचा हक्क देशभर नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या मावशींची कंबर लचकली तेव्हा भरपाईचा विचार आमच्या डोक्यातही आला नव्हता, हे इथे कबूल करतो.

दुसरी गोष्ट लंडनची. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा पूल बांधणारा इंजिनिअर होता. त्याने एक यंत्र पाहिलं, ते धूळ फुंकून उडवत होतं. त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने तोंडावर रुमाल धरला आणि खुर्चीच्या कापडातून श्वास ओढला. रुमालावर काळा डाग उमटला. १९०१ मध्ये त्याने यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र एवढं मोठं की घोडागाडीवर बसवावं लागलं. लाल रंगाची ही गाडी घरासमोर उभी राहायची, लांब नळ्या खिडकीतून आत जायच्या आणि बूथची माणसं गालिच्यातली धूळ ओढून काढायची. आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजायचे म्हणून भांडणं व्हायची. पण श्रीमंत बाया हा तमाशा बघायला मैत्रिणींना चहाला बोलवायच्या. १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधला गालिचा याच यंत्राने साफ झाला. पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेस या भल्यामोठ्या इमारतीत नौसैनिक राहत होते आणि त्यांच्यात आजार पसरला होता. तिथे अशी पंधरा यंत्रं लावली आणि २६ टन धूळ निघाली. गालिचा स्वच्छ करणं म्हणजे नुसती शोभा नव्हे, आरोग्य आहे, हे त्या धुळीने दाखवलं.

इथे आम्हाला एक गोष्ट खटकली. शतकानुशतकं तेच काम घरातल्या बाईने, मोलकरणीने केलं, तेव्हा बघायला कोण आलं? गाडी घेऊन बाहेरचा माणूस आला, तेव्हा त्याचं बिल झालं.

पुढे यंत्र लहान झालं आणि घराघरांत शिरलं. आता बाईचं काम कमी झालं असेल ना? अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'आईला आणखी काम' अशा अर्थाचं आहे. त्या म्हणतात, पूर्वी गालिचा बडवायला पुरुष, पोरं, नोकर यांचे हात लागायचे. यंत्र आलं तसे ते हात बाजूला झाले. वर्षातून दोनदाचं काम आठवड्याचं झालं आणि ते एकट्या बाईवर आलं. यंत्राने दम वाचला, वेळ वाचला नाही. म्हणून कुणी म्हटलं, "गटाला मशीन घेऊन देऊ, मग धुणं फुकट," तर सावध राहा. मशीन चालवायला, ओलं काढायला, वाळवायला माणूस लागतंच.

आता आपल्या गावात या. हल्ली दसऱ्याआधी टेम्पोत मशीन बसवून गोधड्या, ब्लँकेट धुणारे येतात. नगावर दर सांगतात आणि घरातला माणूस खिशातून पैसे काढून देतो. टेम्पोवाल्याला कुणी म्हणतं का, "धुणं ते काय, घरचंच काम"? नाही म्हणत. काम तेच, मळ तोच. टेम्पोवाला धुताना दर आधी सांगतो. आपण कधी सांगितलाच नाही.

म्हणून आम्ही बैठकीत दर काढला. आमच्याकडे खुरपणीला बाईची हजेरी ३०० रुपये. बारा सतरंज्या झटकून, भिजवून, घासून, वाळवून घडी घालायला दोघींची अर्धी अर्धी हजेरी जाते. म्हणजे ३०० रुपये. सोडा-पावडर ४० रुपये. झाले ३४०. भाडं येतं ३६०. उरले २० रुपये! चार वर्षं आम्ही ज्या नफ्याला टाळ्या वाजवल्या, तो मावशींच्या कमरेतून आणि त्या सुनेच्या हातांतून आला होता.

दोन तास वाद झाला. "गिऱ्हाईक मंडपवाल्याकडे जाईल," असं निम्म्या जणींचं म्हणणं. शेवटी ठराव झाला. भाडं ३० रुपये, धुलाई ३० रुपये वेगळी. धुण्याची पाळी यादीने सगळ्यांना. जी धुईल तिच्या खात्यावर पैसे. मावशींना मागचे सगळे पैसे देणं जमलं नाही, पण औषधाचा खर्च गटाने दिला. कोणी स्वतः स्वच्छ धुऊन आणली तर धुलाई नाही.

दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. एका घराने मात्र सांगितलं, "आम्हीच धुऊन देतो." सतरंज्या स्वच्छ आल्या. विचारलं तर कळलं, त्यांच्या सुनेने एकटीने धुतल्या. आमच्या वहीत ओळ आली, तिची ओळ अजून कुठल्याच वहीत नाही. यावर उपाय आम्हाला सापडलेला नाही. पण पुढच्या महिन्यात ती आमच्या गटात येणार आहे.

जाता जाता, धुता धुता शिकलेलं सांगतो. सतरंजी भिजवण्याआधी दोघींनी धरून नीट झटका. कोरडी धूळ भिजली की तिचा चिखल होतो आणि सुतात बसतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून रंग जातो का पाहा. सुती सतरंजीला सोडा चालतो. घोंगडीला चालत नाही, तिला थंड पाणी आणि रिठे, आणि पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. सतरंजी दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालू नका, नाहीतर बुरशी धरते. आणि ओली सतरंजी एकटीने कधीच उचलू नका. हे शेवटचं आम्ही फार महागात शिकलो.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाची रोजकीर्द उघडा आणि जे काम होतंय पण लिहिलेलं नाही, त्याची यादी करा. झाडणं, धुणं, निवडणं, बँकेत खेपा घालणं. प्रत्येकापुढे करणारीचं नाव लिहा आणि ते वाचून दाखवा. दर नंतर ठरवा. नाव आधी येऊ द्या.

दसरा काढताना सांभाळून. नमस्कार.