एका लांबलचक विशेषणाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना एक अजस्र विशेषण ऐकवून चकित करण्याची शिक्षकांत जुनी चाल आहे. तें विशेषण म्हणजे 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअन'. मुलें तें घोकून म्हणून दाखवितात. पण त्याच्या पोटांत काय आहे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

प्रथम उच्चार पाहूं. अँ-टि-डिस्-एस्-टॅब्-लिश्-मेन्-टे-रि-अन् असे त्याचे दहा उच्चारावयव होतात. अर्थाचीं शकलें मात्र पांचच: अँटि, डिस, एस्टॅब्लिश, मेंट आणि एरिअन. ह्या दोन विभागण्या परस्परांशीं जुळत नाहींत. 'मेंट' मधील टकार अर्थानें मागचा, पण उच्चारांत तो पुढील स्वरास मिळून 'टे' होतो. आपल्या 'जगदीश' शब्दांत 'जगत्' चा अंत्य वर्ण 'ईश' कडे जातो, तसाच हा प्रकार.

'अँटि' म्हणजे विरुद्ध, हा उपसर्ग ग्रीक; 'डिस' हा उलट क्रिया दाखविणारा, तो लॅटिन. 'एस्टॅब्लिश' लॅटिनमधून फ्रेंचमार्गें आला. त्यांतील मूळ धातु आपल्या 'स्था' धातूचा सख्खा भाऊ. म्हणून 'स्थापना' हाच त्याचा नेमका प्रतिशब्द. आरंभींचा एकार मूळचा नव्हे. 'स्' नें सुरू होणारें जोडाक्षर जिभेस जड गेलें, म्हणून लोकांनीं पुढें स्वर लावला. उत्तर हिंदुस्थानांत 'स्कूल' चें 'इस्कूल' होतें, तें ह्याच न्यायानें. त्यामुळें उच्चारांत धातूचेच दोन तुकडे झाले. 'स्' एका अवयवांत गेला, 'ट' दुसऱ्यांत.

आतां इतिहास. येथें 'स्थापना' म्हणजे चर्चला असलेली राजमान्यता. १८०१ पासून इंग्लंड व आयर्लंड येथील प्रॉटेस्टंट चर्चें कायद्यानें एक झालीं होतीं. परंतु आयर्लंडची बहुसंख्य प्रजा रोमन कॅथॉलिक. १८६१ च्या खानेसुमारींत राजमान्य चर्चचे अनुयायी सुमारें आठांत एक इतकेच भरले. तरीहि त्या चर्चचा दशमांश कर गरीब कॅथॉलिक शेतकऱ्यावर बसे. १८३८ च्या कायद्यानंतर तो जमीनदारामार्फत वसूल होऊं लागला. अखेर ग्लॅडस्टन ह्यांच्या सरकारनें १८६९ सालीं कायदा केला आणि १ जानेवारी १८७१ पासून आयर्लंडमधील राजमान्यता संपली. वेल्ससाठीं तसाच कायदा १९१४ सालीं झाला. महायुद्धामुळें त्याचा अंमल १९२० पर्यंत लांबला. इंग्लंडमध्यें मात्र ती राजमान्यता अद्याप कायम आहे.

ही राजमान्यता काढण्यास ज्यांचा विरोध, त्यांचें हें विशेषण. त्यांतील 'डिस' मध्यें एका पक्षाची न्यायाची मागणी आहे. 'अँटि' मध्यें दुसऱ्या पक्षाची श्रद्धा आहे, आणि परंपरा ढळेल ही धास्तीहि आहे.

तेव्हां हा शब्द शिकवितांना दहा अवयव जरूर मोजावेत, पांच शकलेंहि पाडावींत. पण जें चर्च आपलें नव्हे त्यासाठीं आयर्लंडच्या शेतकऱ्यानें जो कर भरला, तोहि मुलांना सांगावा. मग शब्द घोकावा लागत नाहीं. तो आपोआप ध्यानांत राहतो.