जांभळे वलय: ताथवडे, संकरित गाय आणि कितनबाधेची परीक्षा

१/ उंच इमारतींच्या ताथवड्यात शासनाचे वळूमाता प्रक्षेत्र आहे. कृत्रिम रेतनासाठी लागणारे वळू ज्यांच्या पोटी जन्मतात, त्या निवडक गाई येथे सांभाळल्या जातात. उद्देश एकच: पुढच्या पिढीत अधिक दूध.

२/ १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे ‘बायफ’ची स्थापना केली. होल्स्टीन व जर्सी रक्ताच्या संकरित गाई गावोगावी पोहोचल्या. दूध वाढले, त्याबरोबर कितनबाधेचा, म्हणजे किटोसिसचा, धोकाही वाढला.

३/ व्यायल्यावर दूध झपाट्याने चढते, भूक मात्र मागे राहते. गाय अंगची चरबी वितळवते. यकृताला हा भार पेलत नाही आणि रक्तात किटोन साचतात.

४/ त्यांची परीक्षा मात्र गोठ्याबाहेर जन्मली. १८८३ मध्ये लीगल यांनी माणसाच्या मूत्रातील असिटोन नायट्रोप्रुसाइडने ओळखले. १९०८ मध्ये रोथेरा यांनी अमोनियाच्या साहाय्याने ती पद्धत अधिक सूक्ष्म केली. मधुमेही रुग्णांसाठी रुळलेली ही परीक्षा पुढे पशुवैद्यकांनी स्वीकारली. मूत्रात किटोन असल्यास परीक्षानळीत जांभळे वलय उमटते.

५/ आज रक्ताचा एक थेंब व हातातले मीटर पुरते. लिटरमागे १.२ मिलिमोल बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही छुप्या कितनबाधेची प्रचलित सीमारेषा होय.

६/ अशी गाय वरून निरोगी दिसते, दूध तेवढे नकळत घटते. दोन-तीन गाईंच्या घरात वेताचे पहिले महिनेच वर्षाचा हिशेब ठरवतात. म्हणून व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली तपासणी मोलाची.